कोणते बोलावणे घ्यावे?

मी पेटीवाला आहे. गायकाच्या डाव्या हाताला बसून साथ करण्यात माझी पस्तीसएक वर्षे गेली. गायकाचे तोंड श्रोत्यांकडे असते. पण बिदागीचे पाकीट, परतीच्या गाडीची घाई आणि पुढल्या तारखांची वही या गोष्टी शेजारी बसणाऱ्याला जास्त जवळून दिसतात. तेव्हा आज मी रागांविषयी किंवा घराण्यांविषयी बोलणार नाही. त्यावर बोलणारे माझ्याहून जाणते लोक पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते एका घरगुती प्रश्नाविषयी. नोकरीचा आधार न घेता केवळ संगीतावर उभे राहू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या घरी हा प्रश्न वरचेवर उठतो. बोलावणे आले आहे. घ्यावे की न घ्यावे?

नवख्याला हा प्रश्नच वाटत नाही. "बोलावतात हेच नशीब. नाही कशाला म्हणायचं?" असे त्याचे म्हणणे असते. पहिली दोन-चार वर्षे ते बरोबरही असते. माणसाला व्यासपीठाची भीती जायला, साथीदारांची ओळख व्हायला, आपला आवाज मोठ्या दालनात कसा वाजतो ते कळायला दहा ठिकाणी जावेच लागते. पण पुढे एक वेळ अशी येते, की प्रत्येक 'हो' कुठल्यातरी दुसऱ्या गोष्टीला 'नाही' म्हणत असतो, आणि ते आपल्या ध्यानात येत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्याकडे एक मुलगी आली. ख्याल गाते. वय सत्तावीस. तिच्या गुरूंना आम्ही सगळे माई म्हणतो. त्यांच्याकडे ती बारा वर्षे शिकते आहे. वर्षभरापूर्वी तिने शाळेतली संगीतशिक्षिकेची नोकरी सोडली. घरी वडील आजारी, भाऊ शिकतो आहे. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, "काका, एकाच आठवड्यात तीन बोलावणी आली. एरवी महिना महिना कोणी विचारत नाही. काय करू, तुम्हीच सांगा."

पहिले बोलावणे एका लग्नाच्या स्वागतसमारंभाचे होते. तीन तास सिनेमाची गाणी म्हणायची, मागे तयार वाद्यवृंदाची फीत वाजणार. पैसे तिच्या तीन महिन्यांच्या शिकवण्यांइतके. दुसरे एका तालुक्याच्या गावातल्या संगीत मंडळाचे. दोन तासांची बैठक, हवे ते गा, उतरण्याची सोय चिटणिसांच्या घरी, मानधन बेताचे. तिसरे एका ध्वनिमुद्रण कंपनीचे. आम्ही तुमचे गाणे चांगल्या स्टुडिओत मुद्रित करू, इंटरनेटवर टाकू, तुमचे नाव जगभर होईल. पैसे मात्र तूर्त नाहीत. सोबत सही करायला चार पानांचा करार. अडचण अशी की लग्न आणि मंडळाची बैठक एकाच संध्याकाळी होती. आणि मंडळाच्या चिटणिसांना तिने आठ दिवसांपूर्वीच फोनवर 'येते' म्हणून सांगितले होते.

त्या मुलीला मी काय सांगितले ते पुढे येईलच. पण आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. असा निवडीचा प्रश्न पडणे ही आपल्या संगीतात तशी अलीकडची गोष्ट आहे. दरबारात चाकरी करणाऱ्या गवयाला बोलावणे येत नसे, हुकूम येत असे. पोटाची काळजी दरबार वाहत असे, आणि कधी गायचे, कुणापुढे गायचे तेही दरबारच ठरवीत असे. विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकत होते ते संस्थानाच्या आश्रयावर. एका समारंभाचे आमंत्रण आपल्याला आले पण गुरूंना आले नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली, अशी हकीकत सांगतात. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. गावोगाव हिंडले, तिकीट लावून जाहीर जलसे केले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या मर्जीऐवजी लोकांच्या वर्गणीवर आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारी ती संस्था होती. पुढे मुंबईत शाखा निघाली, इमारत झाली, त्यापायी कर्ज झाले आणि इमारत हातची गेली. स्वातंत्र्याची किंमत त्यांनीही मोजली. पण गवई आपल्या पायांवर उभा राहू शकतो, हे त्यांनी दाखविले. आज आपण 'स्वतंत्र कलावंत' म्हणतो त्याची वाट तिथपासून रुळली.

वाट मोकळी झाली, तसे तिला फाटेही फुटले. नाटक कंपनी आली, तबकडी आली, रेडिओ आला, बोलपट आला, आणि आता इंटरनेट. प्रत्येक वेळी कलावंतांपुढे हाच प्रश्न होता, आणि मोठ्या कलावंतांनी त्याची उत्तरे एकसारखी दिलेली नाहीत. दोन-तीन उदाहरणे पाहू.

केसरबाई केरकर. अल्लादियाखाँसाहेबांकडे कष्टाने तालीम घेतलेल्या. बैठकीत त्यांचा दरारा मोठा. तबकड्या मात्र त्यांनी मोजक्याच दिल्या, आणि त्याही साडेतीन-तीन मिनिटांच्या. त्यांतली भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर निवडली गेली. नकार देत देत जगणाऱ्या कलावंताचे हे उदाहरण पुष्कळदा सांगितले जाते. पण सांगणारे एक विसरतात. केसरबाईंना जाणकार आणि धनवान आश्रयदाते होते. त्यांचा 'नाही' त्यांना परवडत होता. महिन्याचे घरभाडे थकलेल्या मुलीला "केसरबाईंसारखी वाग" असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे महत्त्व सांगण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण पंडित रामनारायण यांचे. सारंगी हे तेव्हा साथीचेच वाद्य मानले जाई. दिल्लीच्या रेडिओवरची नोकरी सोडून १९४९ साली ते मुंबईला आले आणि सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात वाजवू लागले. त्यांना हवी होती ती एकट्या सारंगीची मैफल. १९५४ साली मुंबईत त्यांनी तसा प्रयत्न केला. पुढे बसणाऱ्या मोठ्या कलाकारांची वाट पाहणाऱ्या श्रोत्यांनी त्यांना बसू दिले नाही. १९५६ साली त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा श्रोते बसून राहिले. पुढे ती सारंगी देशोदेशी गेली. रामनारायण २०२४ साली गेले, तेव्हा सारंगीची स्वतंत्र मैफल ही कुणाला नवलाची गोष्ट राहिली नव्हती. आता त्यांचे सिनेमातले काम वाया गेले म्हणायचे का? मुळीच नाही. घर त्या कामावर चालले होते, म्हणून १९५४ चा फटका सोसून १९५६ पर्यंत थांबता आले. मुद्दा एवढाच, की सिनेमा कशासाठी वाजवायचा हे त्यांना पक्के ठाऊक होते.

तिसरे उदाहरण बालगंधर्वांचे. रंगभूमीवरचे त्यांचे दिवस कर्जात अडकले असताना १९३५ साली त्यांनी प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. प्रभातसारखी नामांकित संस्था, उत्तम दिग्दर्शन. संधी लहान नव्हती. पण तिथे समोर प्रेक्षक नव्हते. 'वन्समोअर' म्हणणारे कोणी नव्हते. पद रंगले की पुन्हा म्हणायचे, रंगेल तिथे थांबायचे, हे ज्या गायकाचे आयुष्य, त्याला यंत्रापुढे मोजून गायचे होते. तो मार्ग पुढे चालला नाही. ते रंगभूमीकडेच परतले. संधी चांगली असणे आणि ती आपल्याला चांगली असणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

मग सर्वांना लागू पडेल असा नियम नाही, हे उघड झाले. पण नियम नसला तरी मोजमाप असू शकते. वाण्याच्या दुकानात तराजू सगळ्यांना एकच असतो, माल ज्याचा त्याचा. मी त्या मुलीला एक वही आणायला सांगितली आणि प्रत्येक बोलावण्यापुढे पाच गोष्टी लिहायला लावल्या. त्याच आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, हातात काय उरणार? मानधनाचा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये, आणि लाजून न विचारता राहू नये. समजा, बारा हजार रुपये ठरले. तबल्याचे तीन हजार, पेटीचे तीन हजार, तंबोऱ्यावर बसणाऱ्या विद्यार्थ्याला पाचशे, तिघाचौघांचा प्रवास चोवीसशे. उरले एकतीसशे. त्यात दोन दिवस गेले, एक शिकवणी बुडाली. हा हिशेब आधी मांडला तर दोन गोष्टी घडतात. एक तर साथीदारांचे मानधन आणि प्रवासखर्च वेगळा मागण्याचे धैर्य येते. आणि पुष्कळ चिटणीस तो देतातही, त्यांना फक्त कोणी विचारलेले नसते. दुसरे म्हणजे, कमी पैशांत जायचे ठरविले तर ते डोळे उघडे ठेवून ठरविले जाते. फुकट गाण्यात कमीपणा नाही. देवळात हजेरी लावतो, गुरूंच्या पुण्यतिथीला गातो, तिथे आपण पाकिटाची वाट पाहत नाही. पण ज्या समारंभात मांडववाला, फुलवाला, ध्वनिक्षेपकवाला या सर्वांचे बिल चुकते होते, आणि गवयालाच तेवढे शाल-श्रीफळ देऊन "तुम्हाला व्यासपीठ मिळालं की" असे ऐकविले जाते, तिथे आपण दान देत नसतो. आपल्याकडून ते काढून घेतले जात असते.

दुसरी गोष्ट, मी तिथे काय गाणार? जे मला वाढवायचे आहे ते गायला मिळेल, की जे येतेच आहे तेच दहाव्यांदा? मागणीप्रमाणे गाण्यात पाप नाही. नाट्यगीत, अभंग, भावगीत गाऊन आपल्याकडे थोर गवयांनी श्रोते मिळविले आहेत. भीमसेन जोशींनी अभंग गायिले आणि ख्यालही तितक्याच जोमाने गायिला. १९५६ साली 'बसंत बहार' चित्रपटात मन्ना डे यांच्याबरोबर गायिले, आणि गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सवही चालविला. एकाने दुसऱ्याला मारले नाही, कारण मूळ ख्याल होता. मूळ सुकू न देता फांद्या किती वाढवाव्यात, हे ज्याचे त्याने पाहावे.

तिसरी गोष्ट, ऐकणारे कोण? दोन हजार माणसे जेवत असताना गायिलेले गाणे आणि चाळीस माणसे मांडी घालून ऐकत असताना गायिलेले गाणे, यांचा हिशेब डोक्यांवर करता येत नाही. आपल्याकडे कोल्हापूरचा देवल क्लब, पुण्याचा भारत गायन समाज यांसारख्या संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या असा श्रोता तयार केला. लहान गावांतली मंडळे तेच काम गाजावाजा न करता करतात. तिथे एखादा म्हातारा पोस्टमास्तर समेवर अशी मान हलवितो, की गायकाला त्या रात्री पुन्हा एकदा गाणे सापडते. ही कमाई वहीत आकड्यात लिहिता येत नाही. म्हणून तिच्यासाठी निराळा रकाना ठेवावा.

चौथी गोष्ट, आपल्यामागे काय राहणार, आणि ते कुणाचे राहणार? ही गोष्ट आमच्या पिढीने फार उशिरा शिकली. पूर्वी मैफल संपली की संपली. आता प्रत्येक श्रोत्याच्या हातात मोबाइल, आणि प्रत्येक करारात ध्वनिमुद्रणाचे कलम. आपला प्रताधिकार कायदा १९५७ सालचा. त्यात १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजविणाऱ्याचा स्वतःचा हक्क मान्य झाला. तो आता पन्नास वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी उपयोगावर रॉयल्टी मिळण्याचा हक्कही स्पष्ट केला. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरावी आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरता धरावा, असे कायदा म्हणतो. म्हणजे 'कायमचे' आणि 'जगभर' हे शब्द कागदावर दिसले, की ते तिथे चुकून आलेले नाहीत असे समजावे. तिसऱ्या बोलावण्याच्या चार पानांत हे दोन्ही शब्द होते. मी मुलीला म्हटले, "तुझ्या माईंनी दिलेली चीज तू कायमची कोणाला देऊन टाकणार, तेही फुकट? वाचल्याशिवाय सही नको. न समजलं तर वकिलाला दाखव. वकिलाची फी जड वाटते, पण सही त्याहून महाग पडते."

पाचवी गोष्ट, वेळ. कार्यक्रमाचा नव्हे, त्याच्या आजूबाजूचा. गणपतीपासून दिवाळीपर्यंत एका वर्षी मी एकही बोलावणे सोडले नव्हते. मेळे, भक्तिगीते, दिवाळी पहाट, सगळीकडे हजर. बोटे अशी तयार झाली, की झोपेतही चालावीत. डिसेंबरात एका ज्येष्ठ गायकांनी बैठकीत एक अनवट राग घेतला. मी तीन महिन्यांत नवे काही ऐकले नव्हते, नवे काही बसविले नव्हते. पेटी त्यांच्यामागून चाचपडत राहिली. ते काही बोलले नाहीत. मध्यंतरात त्यांनी नुसते विचारले, "हल्ली फार कामं असतात वाटतं?" त्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून माझ्या वहीत रियाजाचे दिवस आधी लिहिले जातात आणि कार्यक्रमांच्या तारखा उरलेल्या जागेत.

या पाच गोष्टींना जोडून एक सावधगिरी सांगितली पाहिजे, आणि ती मी रेडिओवरूनच सांगतो आहे. कोणत्याही एकाच दारावर अवलंबून राहू नये. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असे त्या वेळच्या जाणकारांचे मत होते. तीस वर्षांहून अधिक काळ पेटीवाल्यांना हे दार बंद होते. १९७१ साली साथीपुरते ते पुन्हा उघडले. मधल्या काळात पेटीवाले जगले कसे? नाटकांवर, कीर्तनांवर, खाजगी बैठकींवर आणि शिकवण्यांवर. त्यांतले ज्यांचे चार घरी येणेजाणे होते ते तरले. आज कोणी म्हणतो, सगळे यूट्यूबवरच आहे. कोणी म्हणतो, परदेश दौऱ्यातच काय ते आहे. असेलही. पण दार ज्याचे असते, ते बंद करणेही त्याच्याच हातात असते.

आता त्या मुलीच्या तारखेकडे येतो. वहीत पाचही रकाने भरून झाले. पैशाच्या रकान्यात लग्न फार पुढे होते. ती म्हणाली, "काका, खरं सांगू? गाणं मंडळाकडे आहे, पण बाबांची औषधं लग्नाकडे आहेत. आणि चिटणिसांना मी फोनवरच हो म्हटलंय, लिहून तर काही दिलेलं नाही."

तेव्हा मी तिला माझी एक जुनी गोष्ट सांगितली. ती आजवर मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. मी पंचविशीत असताना कोकणातल्या एका गावच्या देवळाचा वार्षिक उत्सव घेतला होता. एक वयस्कर बुवा गायला येत असत. मी शब्द दिला होता, इसारही घेतला नव्हता. उत्सवाच्या चार दिवस आधी शहरातल्या एका नामवंत गायकांकडून निरोप आला. त्यांचे नेहमीचे पेटीवाले आजारी होते. माझ्या डोळ्यांपुढे सगळे भविष्य उभे राहिले. मी गावाला कळविले, आईची प्रकृती बरी नाही. आई ठणठणीत होती. शहरातली मैफल झाली, चांगली झाली. त्यांचे पेटीवाले पंधरा दिवसांत बरे झाले, आणि मला पुन्हा निरोप आला नाही. त्यात त्यांची चूक काहीच नव्हती. गावाला मात्र ऐनवेळी दुसरा कोणी मिळाला नाही. बुवा त्या रात्री नुसत्या तंबोऱ्यावर गायिले. पुढल्या वर्षी गावचे एक गृहस्थ भेटले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "आईंची तब्येत आता कशी आहे?" खरे काय ते त्यांना ठाऊक होते की नव्हते, मला आजही कळलेले नाही. ते बुवा पुढच्या उत्सवाआधीच वारले. त्यांची साथ करण्याचे बोलावणे मला एकदाच आले होते.

मी मुलीला एवढेच म्हटले, की शब्द देण्याआधी पाच काय, पन्नास रकाने भर. शब्द दिल्यावर वही मिटायची. आपल्या धंद्यात लिखापढी थोडी आणि शब्दच फार. मोडायचाच असेल तर खरे कारण सांगून मोड. चिटणिसांना म्हण, घरी पैशांची नड आहे, मला मोकळं करा. पण खोटे सांगू नकोस. निर्णय तुझा.

ती दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. लग्नाचे काम तिने आपल्या एका मैत्रिणीला दिले होते. तिलाही गरज होती, आणि ती गाणी तिची हातखंडा होती. मंडळाच्या बैठकीला ही गेली. पेटीवर मीच होतो. आता त्या बैठकीने तिचे नशीब उघडले असे सांगितले, तर गोष्ट छान होईल. पण तसे काही झाले नाही. चाळीसेक माणसे होती. वीज दोनदा गेली. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली नाही. पण तिने त्या संध्याकाळी मुलतानी सव्वा तास मांडला. माईंकडून घेतलेला तो राग एवढा वेळ तिने लोकांपुढे पहिल्यांदाच गायिला होता. विलंबितात एका जागी ती अडली, थांबली, आणि निराळ्या वाटेने षड्जावर आली. ती वाट तिला कोणी शिकविलेली नव्हती. मी पेटीवरचा हात क्षणभर उचलला.

पैशांची ओढाताण मात्र खरीच झाली. तिने दोन शिकवण्या वाढविल्या आणि पुढल्या महिन्यात एका दुसऱ्या लग्नाचे बोलावणे घेतले. या खेपेला अर्धे मानधन आगाऊ आणि वेळ दोन तासच, असे आधी ठरवून. मला ते आवडले. लग्नात गाणे वाईट नाही. कशासाठी गातो आहोत हे विसरून गाणे वाईट. ध्वनिमुद्रण कंपनीला तिने लिहिले, की तीन वर्षांपुरते आणि उत्पन्नात वाटा ठेवून देते. त्याला अद्याप उत्तर नाही. तेही एक प्रकारचे उत्तरच म्हणायचे.

आणि एक गोष्ट उरली. वही पाहताना मी तिला विचारले होते, "माईंकडे हल्ली कधी जातेस?" ती गप्प झाली. माईंनी तिला दर गुरुवारी दुपारी ये म्हणून सांगितले होते. त्यांच्याकडे काही जुन्या चीजा आहेत, त्या अंगात ताकद आहे तोवर द्यायच्या म्हणतात. चार गुरुवार ही गेली नव्हती, कारण कार्यक्रम. मी म्हटले, "तू मला तीन बोलावणी सांगितलीस. हे चौथं राहिलं."

हे चौथे बोलावणे कधी मोबाइलवर ठळक अक्षरांत येत नाही. त्याला मानधन नाही, जाहिरात नाही. हरिप्रसाद चौरसिया रेडिओच्या नोकरीतून मुंबईला आले, सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात त्यांचा जम बसला, आणि अशा चढत्या दिवसांत ते अन्नपूर्णादेवींच्या दाराशी शिकायला गेले. नव्याने आरंभ करतो आहोत हे दाखविण्यासाठी त्यांनी बासरी उजवीकडची डावीकडे धरली. हातात बसलेली विद्या मोडून पुन्हा बसवायची, म्हणजे केवढे धैर्य लागले असेल! त्या वेळी त्यांनी किती ध्वनिमुद्रणे सोडली असतील कोण जाणे. पण पुढल्या सगळ्या बोलावण्यांच्या मागे ते एक दार होते.

तेव्हा, संगीतावर उभे राहू पाहणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, एक वही करा. बोलावणे आले की हातात काय उरेल, काय गायला मिळेल, कोण ऐकेल, मागे काय कुणाचे राहील आणि रियाजाचे किती दिवस जातील, हे लिहा. पैशांसाठी घेतले तर 'पैशांसाठी' असे प्रामाणिकपणे लिहा. त्यात लाज नाही. आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर, कुणीही न विचारता, आपल्या गुरूंच्या घरचा वार लिहून ठेवा.

आमच्या त्या मुलीचा वार गुरुवार. मागच्या गुरुवारी मी माईंच्या घरावरून जात होतो. खिडकीतून दोन आवाज येत होते, एक थकलेला आणि एक तरुण. पाऊस होता, तरी मी थोडा वेळ छत्री धरून उभा राहिलो.